अनंताला भूक नाही, चुनखडी नडते

गेले काही आठवडे सांगली-मिरजेकडच्या बागप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांतून एक संदेश फिरतो आहे. जमिनीत रुजलेल्या जुन्या अनंताला भरपूर फुले यावीत म्हणून त्यात पाच उपाय दिले आहेत: दर पंधरवड्याला मूठभर युरिया घालावा, दर आठवड्याला चहाचा चोथा आणि अंड्यांची टरफले मुळाशी टाकावीत, पाने पिवळी पडल्यास एप्सम मीठ द्यावे, रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घालावे आणि कळ्या धरण्याआधी मोगऱ्यासारखे पाणी तोडून झाडाला ताण द्यावा. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल, परंतु झाड उपाशी आहे असे धरून हा सारा खटाटोप सांगितला आहे, आणि आपल्याकडचा अनंत सहसा उपाशी नसतो. ताट वाढलेले असते, पण त्याला जेवता येत नाही.

एप्सम मिठापासून सुरुवात करतो, कारण खरी गोम तिथेच आहे. अनंत हे आम्लधर्मी मातीतले झाड असून त्याला साधारण ५ ते ६ सामू (पीएच, म्हणजे मातीच्या आम्लतेचा आकडा; ७ च्या खाली आम्ल) मानवतो. चहा, अझेलिया आणि हिमालयातला बुरांश ही त्याच पंगतीतली मंडळी. कृष्णाकाठच्या काळ्या मातीचा सामू बहुतेक ठिकाणी ८ च्या आसपास असतो आणि खणताना चुनखडीचे पांढरे खडे हाताला लागतात. अशा मातीत लोह असते, पण ते विरघळत नाही, म्हणून मुळांना घेता येत नाही. मग शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्याच राहतात, जणू कोणी हिरव्या शाईने जाळे काढले आहे. ऊस लावणारा शेतकरी हे पाहताच ‘केवडा पडलाय’ म्हणेल; पाने अशी पिवळी पडण्याला तो केवडा म्हणतो. एप्सम मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, आणि मॅग्नेशियमची उणीव जुन्या, खालच्या पानांवर आधी दिसते. बेसॉल्टपासून बनलेल्या आपल्या मातीत मॅग्नेशियमची वानवा क्वचितच असते. तेव्हा वरची पाने पिवळी असताना एप्सम मीठ घालणे म्हणजे दुखते पोटात आणि बाम चोळतो कपाळाला.

इथे उपयोग होतो तो लोहाचा. लिटरभर पाण्यात २ ते ३ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) आणि चिमूटभर लिंबूसत्त्व घालून संध्याकाळी पानांवर फवारावे आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा फवारावे. मातीतून द्यायचे असेल तर दुकानदाराकडे ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह, म्हणजे मातीत विरघळलेले राहील असे बांधलेले लोह, मागावे. स्वस्त मिळणारे ईडीटीए चुनखडीच्या मातीत टिकत नाही, ते फवारणीलाच ठेवावे. ‘गंधक टाकून मातीच आम्लधर्मी करू’ असे म्हणणाऱ्यांनी आधी हिशेब करावा. मातीतला किलोभर चुना (कॅल्शियम कार्बोनेट) निष्प्रभ करायला सुमारे ३२० ग्रॅम गंधक लागते. मीटरभर लांब, मीटरभर रुंद आणि फूटभर खोल वाफ्यात अंदाजे ४०० किलो माती असते. तिच्यात ५ टक्के चुना धरला तरी ६ किलोहून अधिक गंधक हवे. त्यापेक्षा नवीन झाड तांबडी माती आणि पानांचे कुजलेले खत भरलेल्या मोठ्या पिंपात लावलेले बरे.

टरफलांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ती कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे चुन्याचीच. चुनखडीने बेजार झालेल्या झाडाला आणखी चुना कशासाठी द्यावा, हे संदेशात सांगितलेले नाही. चहाच्या चोथ्याने माती आम्ल होते हा समजही पोकळ आहे, कारण उकळून गाळलेल्या चोथ्यात आम्लता फारशी उरत नाही. शिवाय आपला चहा दूध-साखरेचा. न धुतलेल्या चोथ्यावर मुंग्या येतात आणि मुंग्यांच्या आश्रयाने पिठ्या ढेकूण ही झाडाचा रस शोषणारी कीड वाढते. चोथा वाया घालवायचा नसेल तर धुऊन कंपोस्टमध्ये टाकावा.

युरियाची चूक मी स्वतः केली आहे. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या अंगणात बारा वर्षांचा अनंत आहे. एका हिवाळ्यात त्याला दोनदा युरिया घातला, तर झाड हातभर वाढले, पाने तळहाताएवढी झाली आणि मे महिन्यात पुरती अकरा फुले आली. युरियात ४६ टक्के नत्र असते. त्याने पालवी फुटते आणि फूल मागे पडते. रुजलेल्या झाडाला जूनमध्ये आणि फेब्रुवारीत घमेलेभर कुजलेले शेणखत पुरते.

पाण्याच्या दोन सूचना तर एकमेकींच्याच विरोधात आहेत. काळी माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे रोज दोनदा पाणी घातल्यास मुळे गुदमरतात. बोअरचे जड पाणी असेल तर त्यातला चुना साठत जातो, कुंड्यांच्या कडेवर दिसणारी पांढरी पुटे त्याचीच. खुरप्याने चार इंच खाली पाहावे, माती जेमतेम ओलसर उरली की भरपूर पाणी द्यावे. उन्हाळ्यात ही पाळी चार-पाच दिवसांनी येते. पावसाचे साठवलेले पाणी मिळाले तर उत्तमच. बुंध्यापासून चार बोटे सोडून उसाच्या पाचटाचे आच्छादन घालावे, पण अनंताची मुळे वरच्या थरात असल्याने तिथे कुदळ चालवू नये.

ताण देण्याची सूचना मोगऱ्याकडून उसनी आणलेली आहे. मोगरा ताण सोसतो, छाटणीनंतरच्या नव्या फुटीवर फुलतो. अनंत सदाहरित, त्याची माती एकदा कोरडी ठक्क पडली की तयार कळ्या पिवळ्या होऊन गळतात, नंतर कितीही पाणी घाला. त्याच्या कळ्यांची सुरुवात थंड रात्रींत, पारा साधारण १८ अंशांखाली असताना फांद्यांच्या टोकांवर होते. तासगावच्या द्राक्षबागाईतदाराला हे समजावावे लागत नाही: ऑक्टोबर छाटणीनंतर दिसणारा घड एप्रिल छाटणीनंतरच्या काडीतच आधी तयार झालेला असतो. म्हणून अनंताची छाटणी फुलांचा बहर संपताच, जुलैअखेरपर्यंत उरकावी. जानेवारीत आकार देण्यासाठी शेंडे कापले तर उन्हाळ्यातल्या कळ्याच पाटीत जातात.