बादलीभर बेडूक

फेब्रुवारी-मार्चमध्ये पाऊस पडून गेलेला असावा, थंडी जरा ओसरलेली असावी, की संध्याकाळी मी चकचकीत पिवळं जाकीट चढवते आणि टॉर्च न् बादली घेऊन रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहते. उत्तर इंग्लंडमधल्या या रस्त्याच्या एका अंगाला रान आहे, दुसऱ्या अंगाला तळं. रानात हिवाळा काढलेले टोड, म्हणजे खरखरीत कातडीचे, उड्या मारण्यापेक्षा चालणंच पसंत करणारे बेडूक, याच दिवसांत अंडी घालायला तळ्याकडे निघतात. पिढ्यानपिढ्यांचं तेच तळं, तीच वाट. मधे डांबर आलंय याची त्यांना खबर नाही. आम्ही सात-आठ जण त्यांना उचलतो, बादलीत ठेवतो, पलीकडे सोडतो आणि कागदावर आकडा लिहितो. नर पुष्कळदा मादीच्या पाठीवर बसूनच येतो. फुकट्या प्रवाशांवरचा आमच्यातल्या एका आजोबांचा विनोद दरवर्षी तोच असतो, आणि दरवर्षी आम्ही हसतो.

याचा फोटो मी शाळेतल्या मैत्रिणीला पाठवला. ती तिकडे भारतात रस्त्यांच्या कामांवर इंजिनियर आहे. तिचा फोन आला. "अगं, तुमचं बरंय बाई. आठवड्याला दोन दिवस सुट्टी, पगार वेळेवर, मग बेडकांची काळजी करायला काय जातंय? आमच्याकडे माणसंच रस्ता ओलांडताना मरतात." 

मला राग आला नाही, कारण ती खोटं बोलत नव्हती. पण तेव्हापासून हे वाक्य माझ्याबरोबर रस्त्यावर येतंय.

आपल्याकडे पर्यावरणाचा कुठलाही वाद पेटला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हेच वाक्य वेगळे कपडे घालून हजर होतं. झाडं, पक्षी, दगडावरची चित्रं ही पोटभरल्यांची चैन. आधी नोकऱ्या, आधी रस्ते. आणि त्याला उत्तर म्हणून दुसरी बाजू आमच्याकडे बोट दाखवते: बघा, परदेशात एकेक झाड कसं जपतात. म्हणजे बोलणारा कुणीही असो, दाखला आमचाच. इथे राहून चौदा वर्षं झाली, तेव्हा दाखल्याच्या वतीने थोडं बोलते.

झाडं जपण्याची गोष्ट घ्या. शेफील्ड हे इंग्लंडमधलं हिरवं म्हणून मिरवणारं शहर. तिथल्या नगर परिषदेने २०१२ मध्ये रस्तेदुरुस्तीचा २५ वर्षांचा ठेका दिला. त्या ठेक्यात १७,५०० रस्त्याकडेची झाडं बदलण्याची तरतूद होती, हे लोकांना उघडपणे कळलं ते २०१८ मध्ये. तोवर हजारो धडधाकट झाडं पडली होती. एकूण आकडा साडेपाच हजारांच्या आसपास गेला. नोव्हेंबर २०१६ मध्ये एका रस्त्यावर पहाटे पाचच्या अंधारात पोलिसांच्या बंदोबस्तात आठ झाडं कापली आणि आडव्या आलेल्या सत्तरीतल्या दोन बायकांना अटक केली. २०२३ च्या चौकशी अहवालाने परिषदेवर लोकांची आणि न्यायालयाचीही दिशाभूल केल्याचा ठपका ठेवला. हे वाचताना मला सारखं मुंबईतलं, मेट्रोच्या कारशेडसाठी तोडलेलं आरे आठवत होतं. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या; ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवलं तोवर दोन हजारांहून जास्त झाडं गेली होती, २९ आंदोलकांना अटक झाली होती. काळोख, पोलीस, करवत. प्रशासनाला झाड कापायला उजेड का चालत नाही, यावर कुणीतरी प्रबंध लिहावा.

फरक एवढाच, की इथे नंतर चौकशी झाली आणि माफी मागितली गेली. हा फरक मोठा आहे, मान्य. पण तो झाडांवरच्या प्रेमाचा फरक नाही.

शेफील्डची एक बारीक गोष्ट मला फार आवडते. चेल्सी रोडवर एल्म जातीचं एक झाड आहे. या देशातले लाखो एल्म १९७० नंतरच्या साथीत वाळून गेले, हा राहिला. तोही कापायच्या यादीत होता. पण त्याच्यावर व्हाइट-लेटर हेअरस्ट्रीक नावाचं फुलपाखरू नांदतं, पंखाखाली पांढऱ्या रेघेत इंग्रजी डब्ल्यू काढलेलं. ते जवळजवळ सगळं आयुष्य झाडाच्या शेंड्यावर काढतं, खाली फारसं येतच नाही. म्हणजे ते तिथे आहे हे कळायला कुणीतरी दुर्बीण घेऊन मान मोडेपर्यंत वर बघत उभं राहिलेलं असावं लागतं. काही कारण नसताना. एल्म आजही उभा आहे.

'काही कारण नसताना' हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. मैत्रिणीला जे चैन वाटतं, ते माझ्या मते साक्षीदार तयार करण्याचं काम आहे. वाद पेटल्यावर तज्ज्ञ दोन्ही बाजूंना भाड्याने मिळतात. पण वाद नसताना, पगार नसताना, नुसत्या नादापायी ज्यांनी तिथे काय आहे ते पाहून, मोजून ठेवलं, त्यांच्यावाचून पुढे कुणाला बोलायलाच काही उरत नाही. आमच्यासारख्या बादलीवाल्यांच्या तीस वर्षांच्या वह्या एकत्र केल्या, तेव्हा २०१६ मध्ये कळलं की ब्रिटनमध्ये टोडांची संख्या सरासरी ६८ टक्क्यांनी घटलीय. तोपर्यंत हा प्राणी इतका सर्रास मानला जायचा की कोण कशाला मोजेल?

आणि हे नाद आपल्याकडे नाहीत असं कोण म्हणतं? कोकणातली कातळशिल्पं घ्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळपठारांवर, जांभ्यात खोदलेली ही चित्रं गुराख्यांना, गावकऱ्यांना माहीत होती. कुणी त्यांना पांडवांची म्हणत, कुणी देवाची. नोकरी-धंदा सांभाळून काही माणसं सुट्टीच्या दिवशी उन्हातान्हात सडे तुडवत फिरली, गावोगाव विचारत राहिली, दगडावरची माती झाडत राहिली. कशेळीला अठरा मीटर लांबीचा हत्ती आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची गर्दी. दुसरीकडे एकशिंगी गेंडा आहे. कोकणात गेंडा! बारसूला दोन वाघांच्या मधे उभा माणूस आहे. २०२२ मध्ये ही ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूत रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, गावकरी आडवे पडले, आणि त्या भांडणात ही शिल्पंही मुद्दा म्हणून उभी राहू शकली, ती आधीच कुणीतरी शोधून ठेवली होती म्हणून. ती मी स्वतः पहिल्यांदा पाहिली ती इथून सुट्टीवर गेल्यावर. तिकडे होते तोवर कधी वाट वाकडी केली नाही, हेही नोंदवून ठेवते.

रिफायनरी व्हावी की नाही यावर मी मत देणार नाही. मला तिथे नोकरी शोधायची नाही आणि तिथली हवाही माझ्या फुप्फुसात जाणार नाही. दोन्हींपैकी काहीही आपल्या वाट्याला येणार नसताना ठणकावून बोलणारे परदेशस्थ मी पुष्कळ पाहिलेत. त्यांच्यात एकीची भर कशाला.

मैत्रीण असंही म्हणाली, की तुमच्याकडे विक्षिप्तपणाचीही कदर होते. होते का? लिव्हरपूलच्या उत्तरेला क्रॉस्बीच्या किनाऱ्यावर अँटनी गॉर्मली या शिल्पकाराने स्वतःच्याच शरीराचे साचे घेऊन ओतलेले शंभर लोखंडी पुरुष तीन किलोमीटरभर विखरून उभे आहेत, सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. ओहोटीला नखशिखांत उघडे, भरतीला कुणी गळ्यापर्यंत पाण्यात, कुणी दिसतच नाही. अंगावर बार्नॅकल, म्हणजे दगडाला चिकटून राहणारे कवचाचे समुद्री जीव, चढलेत, थंडीत कुणीतरी टोप्या-मफलर घालून जातं. मी तिथे महिन्यातून एकदा तरी जाते आणि दर वेळी कुणाच्या तरी शेजारी उभी राहून तो बघतोय तिकडेच बघते. पण हे पुतळे २००५ मध्ये आले ते पाहुणे म्हणून, आणि २००६ मध्ये त्यांना कायमची परवानगी नाकारली गेली होती. लोक त्यांच्यापर्यंत चालत जातील आणि भरतीत सापडतील, ही एक तक्रार. चिखलात चरणाऱ्या किनारपक्ष्यांना त्रास होतो, ही दुसरी. २००७ मध्ये निकाल फिरला. ही पक्ष्यांची तक्रार वाचून माझी मोठी पंचाईत झाली. मला पक्षीही हवेत आणि पुतळेही! आवडीनिवडी एकमेकींशी भांडायला लागल्या की कळतं, आपण कशाला किती किंमत देतो ते. मी पुतळ्यांच्या बाजूने झुकले, आणि त्याचा मला अजून पुरता अभिमान वाटत नाही.

उलट चंदीगडमध्ये काय झालं ते बघा. नेक चंद हे रस्ते खात्यातले साधे निरीक्षक. फुटक्या बांगड्या, कपबश्या, विजेच्या सामानाचा भंगार यांतून त्यांनी सरकारी रानात चोरून, वर्षानुवर्षं, हजारो आकृत्या उभ्या केल्या. १९७० च्या दशकात अधिकाऱ्यांच्या ध्यानात आलं तेव्हा कायद्याप्रमाणे सगळं पाडायला हवं होतं. त्याऐवजी त्यांना पगार आणि पन्नास मजूर दिले, आणि १९७६ मध्ये बाग लोकांसाठी उघडली. इथल्या नियोजन खात्यात असा अर्ज गेला असता तर पहिल्याच टेबलावर मेला असता.

तरी मैत्रिणीचं अर्धं म्हणणं खरंच राहतं. मला रात्री आठ वाजता बादली घेऊन बाहेर पडता येतं, कारण सहा वाजता माझं काम संपलेलं असतं आणि अंधाऱ्या रस्त्यावर बाईमाणूस दिसली म्हणून कुणी गाडी थांबवत नाही. वेळ आणि निर्धास्तपणा, या दोन गोष्टी कुठल्याही नादासाठी लागतातच. पण रत्नागिरी जिल्ह्यातल्याच वेळासच्या किनाऱ्यावर, जिथे पूर्वी ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी पळवली जायची, तिथे २००२ पासून गावातली माणसं पहाटे उठून अंडी शोधतात, जाळीच्या कुंपणात पुरतात, पिल्लं निघाली की टोपलीतून समुद्राजवळ नेऊन सोडतात. त्यांना दोन दिवसांची सुट्टी नव्हती. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "हो, पण तिथे आता पर्यटक येतात, दोन पैसे मिळतात." मिळोत की. 

तिने फोन ठेवताना एक प्रश्न विचारला, तो मात्र इंजिनियरचा होता: रस्त्याखालून बोगदा का नाही काढत? काही ठिकाणी काढलेत. आमच्या रस्त्यावर नाही. मग तिने रस्त्याची रुंदी विचारली, भराव किती, पाणी कुठून वाहतं. मला यातलं काहीच सांगता आलं नाही. इतकी वर्षं तिथे उभी राहते, पण रुंदी कधी मोजली नव्हती.

आमच्या तक्त्याला दोन रकाने असतात. मागच्या शुक्रवारी जिवंतांच्या रकान्यात ६३ होते आणि मेलेल्यांच्या ११. त्या अकरांतला एखादा माझ्या चाकाखाली आला होता की काय, हे कळायला मार्ग नाही. मी गाडीनेच गेले होते.