रॅम्प आधी की अभ्यास आधी? एका प्रतिक्रियेला उत्तर

काकू, नमस्कार. पॅरालिसिस झालेल्या आईवडिलांच्या पालकत्वाचा विद्यापीठांतून नीट अभ्यास व्हावा, असं मी मागच्या लेखात म्हटलं आणि तुम्ही चांगलंच खडसावलंत. 'इथे रॅम्प नाहीत, आणि तुम्हाला पीएचडीचे चोचले सुचतायत. कमरेखाली संवेदना नसलेल्या बाईनं मूल होऊच का द्यावं? मुलाचे हाल कोण बघणार?' बोचलं, पण टाळण्यासारखं नाही.

रॅम्प हवेतच, त्यावर वाद नाही. पण प्रसूती रॅम्पची वाट बघत थांबत नाही. मणक्याच्या दुखापतीनंतर पाळी बहुधा काही महिन्यांत पूर्ववत होते, मूल होऊ शकतं. मेंदूचा निरोप पोचला नाही तरी गर्भाशय आकुंचन पावतंच. दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर असेल, तर कळांमुळे रक्तदाब एकदम भडकू शकतो. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. तो गरोदरपणात नेहमी आढळणाऱ्या वाढलेल्या बीपीसारखा दिसतो, त्यामुळे फसगत होते आणि जिवावर बेतू शकतं. म्हणून वेदना न जाणवणाऱ्या बाईलाही एपिड्यूरल, म्हणजे पाठीतून द्यायची भूल, देतात. 'हिला दुखतच नाही, मग भूल कशाला?' असं म्हणून चालत नाही, हे अभ्यासातूनच कळलं ना? चोचले कसले यात!

आता मुलांचे हाल. इंग्लंडमध्ये नव्वदच्या दशकात 'आईवडिलांना सांभाळणारी मुलं' यावर बरंच संशोधन झालं. अपंगांच्या हक्कांवर लिहिणाऱ्या जेनी मॉरिस यांनी १९९५मध्ये लोइस कीथ यांच्यासोबत लेख लिहून त्याचा समाचार घेतला. मॉरिस यांना १९८३मध्ये मणक्याची दुखापत झाली तेव्हा त्यांची मुलगी तान्ही होती. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आईला मदतनीस दिला नाही, घर सोयीचं केलं नाही, म्हणून काम मुलावर पडलं, आणि मग दोष मात्र आईच्या अपंगत्वाला. काकू, तुमचा प्रश्न रास्त आहे, फक्त तो आईला न विचारता पालिकेला विचारा.

कुर्ल्याच्या माझ्या एका मैत्रिणीनं बाळासाठी पाळणा टांगलाच नाही. व्हीलचेअरच्या उंचीची खाट केली, तिचा एका बाजूचा कठडा दारासारखा उघडतो, आणि खाली मोकळी जागा असल्यानं खुर्चीचा पाय ठेवायचा भाग आत सरकतो. ही युक्ती सुताराची. थेरपी देणाऱ्या कुणालाच ती सुचली नव्हती. हाजीअलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहे, देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत अपंगत्वाच्या अभ्यासाचं केंद्र आहे. कुर्ल्याची ही खाट त्यांच्या वहीत कुणी नोंदवायची?

आपल्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून गरोदर बायकाही जातात. एकच बाई दोन्ही असू शकते, हे मात्र डब्यात कुणाच्या गावीही नसतं.

कायद्यातही तीच गत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ९ अपंग मुलाला केवळ अपंगत्वाच्या कारणावरून आईवडिलांपासून तोडू देत नाही, न्यायालयाचा आदेश सोडून. पण आईच अपंग असेल तर? भारतानं २००७मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारात कलम २३ आईवडिलांच्या अपंगत्वाचंही नाव घेतं. आपल्या कलम ९मध्ये ते शब्द नाहीत. पुढचा लेख त्यावरच लिहितेय. तिथेही या भांडायला.