सात सुतांचा सासुरवास

पुण्यात ब्रेकबद्दल मत नसलेला माणूस मिळणं कठीण. ब्रेक दाबणारा मिळणं त्याहून कठीण, पण तो विषय वेगळा.

आमच्याकडे १९७८ ची पद्मिनी आहे. बाबांनी घेतलेली, त्यामुळे विकायचा प्रश्नच येत नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक. पसरणी घाट उतरताना ड्रम तापतात, फुगतात, आतल्या लायनरपासून लांब जातात आणि पेडल हळूहळू तळाकडे निघतं. बाबांना यात काहीच गैर वाटत नाही. "ब्रेक आधीपासून दाबायचे असतात. समोर काहीतरी दिसल्यावर दाबणं हा अविचार." ते पाचगणीत दाबायला लागतात, गाडी वाईत थांबते.

म्हणून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावायचं ठरलं. दुसऱ्या गाडीचे कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडच्या चिमटीत धरणारे, मिळाले, भोसरीत ब्रॅकेट करून घेतले, फिटरने ते बसवलेही. मग तो हात पुसत म्हणाला, "झालं साहेब. फक्त मास्टर सिलिंडर तेवढा आणा तुम्ही." लग्नाचं सगळं ठरलंय, फक्त मुलगा तेवढा बघायचाय, असं म्हणावं तसं.

मास्टर सिलिंडर म्हणजे पायाचा जोर तेलाच्या दाबात बदलून चाकांकडे पाठवणारा पंप. जुना ठेवण्यासारखा नव्हताच. त्याचं सर्किट एकच. एक पाइप फुटला की चारही चाकं मोकाट. शिवाय ड्रमच्या लाइनीत साधारण १० पीएसआय दाब मुद्दाम कोंडून ठेवणारा एक व्हॉल्व्ह असतो. व्हील सिलिंडरची रबरं घट्ट बसलेली राहावीत म्हणून. तोच दाब डिस्कला मिळाला की पॅड कायम घासत राहतात आणि गाडी ब्रेक लावूनच फिरते. वरची तेलाची डबीही लहान. पॅड झिजतात तसे कॅलिपरचे पिस्टन बाहेर येतात आणि डबीतलं ब्रेक ऑइल खाली उतरत राहतं. तेव्हा दोन सर्किटांचा टँडम सिलिंडर हवा, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत झालं. पुण्यात हे एकमत म्हणजे पुढच्या भांडणाची तयारी.

भांडण होतं बोअरचं, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचं. पाऊण इंची, सात सूत (आठ सुतांचा एक इंच) की एक इंची?

नाना पेठेतल्या दुकानदाराने विचारलं, "गाडी कुठली?"

"पद्मिनी. पण डिस्कसाठी हवाय."

"पद्मिनीला डिस्क नसते."

"लावलीय."

"कशाला?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण त्याला ते नको होतं. "ज्या गाडीची डिस्क, तिचाच सिलिंडर घ्या," असं सांगून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. सल्ला ऐकायला बिनतोड आहे. फक्त त्या गाडीत पायाचा जोर वाढवणारा बूस्टर असतो आणि माझ्या गाडीत बूस्टरच्या नावाने माझा उजवा पाय आहे.

शेजारचे काका पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांचा निकाल तयारच होता. "अरे, मोठा घे. मोठा सिलिंडर, मोठा ब्रेक." मी कागद काढला. पायाचा जोर ३० किलो धरला, पेडलची तरफ सहास एक, म्हणजे पुश रॉडवर १८० किलो. पाऊण इंची पिस्टनचं क्षेत्रफळ २.८५ चौरस सेंटीमीटर, दाब आला चौरस सेंटीमीटरला ६३ किलो. एक इंचीचं क्षेत्रफळ ५.०७, दाब साडेपस्तीस. व्यास पाव इंचाने वाढला आणि दाब ४४ टक्क्यांनी घसरला. काकांनी कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. तिथे काही नव्हतं. म्हणाले, "हे झालं पुस्तकातलं."

मग पाऊण इंचीच का घेऊ नये? कारण पेडल एकदा दाबलं की तो तेल कमी ढकलतो. कॅलिपरचे पिस्टन ऐसपैस. पॅड डिस्कला टेकेपर्यंत पेडल फरशीला टेकायची भीती. आणि मोठा घ्यावा तर जोर पुरत नाही. ड्रमच्या आतला शू चाकाच्या फिरण्यानेच आत ओढला जातो, पायाला फुकटची मदत मिळते. डिस्कमध्ये तसलं काही नाही, जेवढा जोर लावाल तेवढाच ब्रेक. थोडक्यात, पेडल लांब जाणारं हवं की कडक हवं, एवढंच आपल्या हातात.

आमच्या वेताळ टेकडीवर एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था आहे. तिथे वाहनांचा कस लावतात. त्या वाऱ्यामुळे असेल, पण टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांनाही वाहनशास्त्र अवगत होतं. एकाने व्हॅक्यूम बूस्टर सुचवला. एकाने मागच्या लाइनीत दाब कमी करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह टाकायला सांगितलं, म्हणजे मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरणार नाही. हा सल्ला सोन्यासारखा होता आणि मी तो पाळला. तिसऱ्याने गाडीच विकायला सांगितलं. तो बाबांना ओळखत नसावा.

मला विचाराल तर, बूस्टर नसेल तर सात सुतांच्या वर जाऊ नये. मी सात सूतच घेतला. दाब ४६ किलो, आणि पेडल फरशीच्या बरंच वर थांबतं. पुश रॉडला मिलिमीटरभर ढील ठेवली. ती नसली की पिस्टन पूर्ण मागे येत नाही, तेल डबीत परतत नाही आणि ब्रेक धरून बसतात.

ब्रेकच्या पाइपांतली हवा काढायला बाबा पेडलवर बसले. मी चाकाशी, निपलला पारदर्शक नळी लावून, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात. "दाबा. धरा. मी सांगेपर्यंत सोडू नका." मी निपल ढिलं केलं, बारीक बुडबुड्यांची माळ सरकली आणि तेवढ्यात बाबांनी पाय उचलला. माळ परत आत गेली.

"सोडलंत का?"

"गाडी उभीच आहे. धरून काय करू?"

दरम्यान, मडगार्डवर ब्रेक ऑइलचा थेंब पडला. फिटरने पाण्याचा मगच ओतला, तरी तेवढ्या जागचा रंग सुरकुतला.

संध्याकाळी काका आले. न विचारता आत बसले, पेडल दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं.

"कडक लागतंय रे. किती घेतलास?"

"सात सूत."

"तरीच," काका उतरत म्हणाले. "एक इंची घेतला असतास तर मऊ लागलं असतं."