रडणाऱ्या बाळाला उचलायचं नाही, हे कुणी ठरवलं?

"बाळ रडलं की उचलू नका, हाताची सवय लागते. रडण्याने फुफ्फुसं मजबूत होतात. त्याच्याशी बोलूनही उपयोग नाही, शब्द कळत नाहीत. परदेशात सिद्ध झालंय." हा मेसेज फिरत फिरत माझ्या धाकट्या बहिणीपर्यंत पोचला. तिचं बाळ जेमतेम महिन्याचं. आता ते रडलं की ती पाळण्याशेजारी हात आवरून बसते आणि स्वतःही रडते. म्हणून हे लिहितेय.

फुफ्फुसांचं आधी उरकते. जन्मल्याबरोबरचा टाहो फुफ्फुसांत हवा भरायला मदत करतो, एवढं खरं. त्यानंतरचं रडणं हा व्यायाम नसतो. भूक असते, ओलं लंगोट असतं, कधी ताप असतो.

आता 'हाताची सवय', कारण सगळा छळ त्यातून होतो. कॅनडात मॉन्ट्रिअलमध्ये हुन्झिकर आणि बार या डॉक्टरांनी हेच तपासलं; १९८६ मध्ये 'पेडिअ‍ॅट्रिक्स' या बालरोगांवरच्या नियतकालिकात ते छापून आलं. काही आयांना सांगितलं, बाळ रडत नसलं तरी रोज निदान तीन तास जास्त घ्या. बाकीच्यांना तसं सांगितलं नाही. सहाव्या आठवड्यात जास्त घेतलेली बाळं ४३ टक्के कमी रडत होती, संध्याकाळी तर ५१ टक्के कमी. घेतल्याने बाळ बिघडत असतं, तर इथे रडणं वाढायला हवं होतं. कोलिक असलेल्या, म्हणजे उघड कारणाशिवाय आधीच खूप रडणाऱ्या बाळांना जास्त घेऊन फरक पडला नाही, हे बार यांनाच १९९१ मध्ये दिसलं, तेही मान्य. पण म्हणून त्यांना रडत टाकायचं?

परदेशाचंच म्हणाल, तर अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन १९२८ मध्ये सांगत होता की मुलांना मिठी मारू नका, सकाळी हात मिळवा. असल्या शिळ्या सल्ल्याला विज्ञान म्हणू नका.

शब्द कळत नाहीत, कबूल. पण आवाज कळतो. १९८० च्या एका प्रयोगात तीन दिवसांच्या आतली बाळं आईचा आवाज ऐकू यावा म्हणून चुपणी चोखण्याची लय बदलत होती; ठरावीक लयीत चोखलं की तो आवाज लागायचा. आणि इस्रायलमधल्या २०१४ च्या अभ्यासात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना छातीशी धरून आई गायली, तेव्हा हृदयाच्या लयीवरून मोजलेली शरीराची स्थिरता नुसतं धरण्यापेक्षा जास्त दिसली. थोपटत अंगाई म्हणणाऱ्या आज्या काही वेड्या नव्हत्या.

आई थकली असेल तर तिने बाळाला पाठीवर नीट झोपवून थोडा वेळ बाजूला व्हावं, त्यात काही चूक नाही. तेवढ्यात बापाने घ्यावं, मामाने घ्यावं. आणि ज्यांनी हा मेसेज पुढे ढकललाय, त्यांनी तो आजच डिलीट करावा.