सापडलं का रे पोर?

रात्री साडेनऊला आई जपाची माळ घेऊन हॉलमध्ये येते, माझ्या मागच्या खुर्चीत टेकते आणि टीव्हीकडे बघत विचारते, "सापडलं का रे पोर?"

पोर म्हणजे शॉन. अजून पाळण्यातलं. 'फॉलआउट 4' या गेममध्ये 2077 साली अणुबॉम्ब पडतात आणि आपल्याला बायको-पोरासकट तळघरात गोठवून ठेवतात. मध्येच जरा जाग येते, तर काचेपलीकडे बायकोला गोळी घालून कोणीतरी पोर उचलून नेत असतं. नंतर धड शुद्धीवर येतो तेव्हा 2287 साल उजाडलेलं आणि बॉस्टनचा उकिरडा झालेला. अशा वेळी बापाने जिवाच्या आकांताने धावत सुटावं. मीही सुटलो. पहिल्याच पडक्या घरात टेबलफॅन दिसला आणि थांबलो.

टेबलफॅनमधून स्क्रू निघतात. स्क्रूशिवाय बंदूक सुधारत नाही. पुढे कळलं की बल्बमधून तांबं निघतं, कॅमेऱ्यातून स्फटिक निघतो. श्रीखंडाचे रिकामे डबे एकात एक घालून ठेवणाऱ्या घरात मी वाढलोय, मला आणखी काय शिकवायचं? जगबुडीनंतरही 'असू दे, कधीतरी लागेल' हेच तत्त्व टिकणार हे बघून ऊर भरून आला.

फक्त अंगावर किती वजन वागवता येतं, याची भानगड आहे. 200 मुळातले, वर ताकदीच्या प्रत्येक आकड्याला 10. माझी ताकद 4, म्हणजे 240. त्यावर एक कपबशी जरी उचलली, तरी धावणं बंद, आणि नकाशावर बोट ठेवून क्षणात घरी पोचायची सोयही बंद. मग गेममधल्या लेक्सिंग्टन गावाहून तिथल्या माझ्या घरापर्यंत एकोणीस पंखे घेऊन, कमरेत लचक भरल्यासारखा मी चालत आलो. गेममध्ये सोबत असलेल्या कुत्र्याच्या पाठीवरही लादले. रविवारची दुपार गेली. बायको मध्ये एकदा येऊन म्हणाली, "खालून दळण आणायचंय, पाच किलो," तर मी चक्क म्हणालो, "आत्ता नको, खूप ओझं झालंय."

डिंक संपला तेव्हा तर बंदुकीचं कामच अडलं. आई म्हणाली, "मग खळ कर की." मी हसलो. आठवड्याने कळलं की मका, मटफ्रूट नावाचं तिथलं फळ, टोमॅटो-बटाट्याची भेसळ असलेला टॅटो आणि शुद्ध पाणी चुलीवर शिजवलं की खरंच खळ होते आणि तिचा डिंक म्हणून उपयोग होतो. तेव्हापासून आई या गेमकडे आपल्या खात्यातला विषय म्हणून बघते.

तिचे आक्षेपही बिनतोड असतात. "दोनशे वर्षं झाली म्हणतोस ना? एकालाही केर काढावासा वाटला नाही?" खरंच आहे. माणसं त्या घरांत राहतात, स्वयंपाक करतात, शेजारी सांगाडा तसाच पडलेला. बोलायची तऱ्हा तर आणखी अजब. कोणी काम सांगितलं की उत्तराचे चार पर्याय येतात आणि बहुतेक वेळा चारही फिरून 'हो'वरच येतात. नाही म्हणालात तर 'बरं, विचार बदलला की या'. आणि वस्त्यांच्या मदतीची कामं सांगणारा तो प्रेस्टन! एका वस्तीचं संकट निवारून परत यावं, तर हा दुसऱ्या वस्तीवर नकाशात खूण करून तयार. ही कामं गेम आपोआप जुळवत राहतो, त्यामुळे ती संपतच नाहीत. दोन वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी होतो, तो राजीनामा तरी देता आला होता. इथेही लोकांना खाटा मीच करून द्यायच्या, पाण्याचा पंपही मीच बसवायचा.

एकदा आईने जप थांबवला. "अरे, गाय छपरावर कशी गेली?"

वस्तीतली गाय खरोखरच छपरावर उभी होती. का, ते विचारू नये, या गेममध्ये जनावरं जातात छपरावर. गाईला दोन डोकी आहेत, त्याबद्दल आईने अवाक्षर काढलं नाही. त्या गाईचं नाव मात्र मी आईला सांगितलेलं नाही. तिला 'ब्राह्मिन' म्हणतात. 2008 साली या मालिकेचा तिसरा भाग मायक्रोसॉफ्टने सांस्कृतिक संवेदनशीलतेचं कारण देत भारतात एक्सबॉक्सवर आणलाच नाही, तेव्हा अनेकांनी बोट दाखवलं ते याच गाईकडे.

इतकं असूनही सोडवत नाही. रात्री घर झोपल्यावर मनगटावरच्या यंत्रावर रेडिओ लावावा, कुठलंसं जुनं गाणं लागावं, आणि मोडक्या पुलावरून नुसतं चालत सुटावं. लांबवर बेसबॉलच्या मैदानात वसलेल्या गावाचे दिवे दिसतात. कोणाचा फोन येत नाही. पोराची आठवण येते, नाही असं नाही. पण वाटेत एखादं ऑफिस लागतं, आणि ऑफिसात टेबलं असतात, आणि टेबलांवर पंखे.

परवा खाली भंगारवाल्याची हाक आली. आईने माळ्यावरचा जळका टेबलफॅन मला खाली काढायला लावला. दारापर्यंत नेला आणि माझा पाय अडला.

"आई, हा नको देऊया."

तिने माझ्याकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं. काही न बोलता स्टूल ओढलं आणि धरून उभी राहिली. मी पंखा घेऊन वर चढलो.

"पोर?" तिने खालून विचारलं.

"अजून नाही."