इशारा मिळाला म्हणून तो निघाला

फॉर्म्युला वनमधली २०१४ ची मलेशियन ग्रांप्री माझ्या डोक्यातून अजून जात नाही. डॅनियल रिकार्डोची रेड बुलकडून ती दुसरीच रेस. चौथ्या क्रमांकावर छान चालला होता. पिट स्टॉपला आला, टायर बदलले, इशारा मिळाला, निघाला. जरा पुढे जातो न जातो तोच थांबावं लागलं, कारण पुढचं डावं चाक नीट बसलंच नव्हतं. मग मेकॅनिक धावत आले आणि त्यांनी ती गाडी हातांनी ढकलत मागे आपल्या जागेवर आणली. हेल्मेटमधला माणूस स्टिअरिंग धरून नुसता बसलेला. तो करणार तरी काय होता?

त्या रेसमध्ये त्याला १० सेकंदांची स्टॉप-अँड-गो शिक्षा झाली (पिटमध्ये येऊन तेवढा वेळ नुसतं थांबायचं), पुढचं विंग तुटलं, शेवटी गाडी सोडावी लागली. इथपर्यंत मी समजू शकतो. पण एवढ्यावर भागलं नाही. पुढच्या रेसला ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, १० जागा मागे! बहारीनला पठ्ठ्याने पात्रता फेरीत तिसरी जागा मिळवली आणि उभा राहिला तेराव्या जागेवर. तिथून गाड्या मागे टाकत चौथा आला, तिसऱ्या आलेल्या पेरेझच्या अगदी शेपटाला लागून. ती तिसरी जागा त्याच्याकडून कोणी घेतली? एका आठवड्यापूर्वी न बसलेल्या एका चाकाने. (त्याच्याही आधी ऑस्ट्रेलियात दुसरा आला होता, तो निकाल इंधनाच्या प्रवाहाच्या नियमावरून रद्द झाला. तेही त्याच्या हातातलं नव्हतं.)

पिट स्टॉपमध्ये ड्रायव्हरच्या हातात काय असतं ते एकदा नीट बघा. एका चाकाला तीन माणसं : एक चाकाचा नट सोडवायची-आवळायची गन चालवणारा, एक जुनं चाक काढणारा, एक नवं बसवणारा. चार चाकांची मिळून बारा. शिवाय पुढचा जॅक, मागचा जॅक, गाडी स्थिर धरणारे. मॅकलारेनने २०२३ मध्ये कतारला हे सगळं १.८० सेकंदांत उरकून दाखवलं. एवढ्या वेळात ड्रायव्हर जवळजवळ आडवा पडलेला असतो, पट्ट्यांनी आवळलेला, मान वळवायची सोय नाही. मागचं चाक बसलंय की नाही हे त्याला दिसत नाही. मागून येणारी गाडी इवल्याशा आरशात दिसली तर दिसली. सोडायचं कधी हे ठरवणारा माणूस बाहेर उभा असतो, आणि तो सांगतो म्हणून हा निघतो. न निघता खात्री करत बसला तर दुसऱ्या दिवशी त्याचीच खरडपट्टी निघेल.

वेगमर्यादा तोडली, ठरलेल्या जागी गाडी उभी केली नाही, इशाऱ्याआधी निघाला, तर खुशाल शिक्षा करा. त्या चुका त्याच्या आहेत. पण संघाने चुकीचं सोडलं, तर त्याची शिक्षा ड्रायव्हरच्या माथी कशाला?

यावर लगेच येणारं उत्तर मला माहीत आहे, आणि ते खोटंही नाही. शिक्षा फक्त पैशांची ठेवली तर संघ जुगार खेळतील. २०१९ मध्येच बघा ना. मोनॅकोला रेड बुलने व्हर्स्टॅपनला पिटमधून बोटासच्या गाडीच्या अंगावर सोडलं, दोघे घासले, बोटासला परत पिटमध्ये यावं लागलं. शिक्षा म्हणून व्हर्स्टॅपनच्या वेळेत ५ सेकंद वाढवले, आणि दुसऱ्यावरून तो चौथा झाला. दोनच महिन्यांनी हॉकेनहाइमला लक्लेअरला ग्रोजाँच्या पुढ्यात सोडलं, तेव्हा फेरारीला ५,००० युरो दंड आणि विषय संपला. ५,००० युरो! एवढ्यात ट्रॅकवरची एक जागा मिळत असेल तर कुठला संघ नाही म्हणेल? हॉकेनहाइमचा तो निर्णय मला तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं : चुकीच्या सुटण्याने गाडीला त्या दिवशी जो फायदा झाला, तो त्याच दिवशी काढून घ्या. ५ सेकंद घ्या, १० घ्या. गाडी आणि ड्रायव्हर रेसमध्ये एकच असतात, त्याला इलाज नाही. पण पुढच्या रेसची ग्रिड त्याची स्वतःची कमाई आहे. आणि लायसन्सवरचे पेनल्टी पॉइंट तर सरळसरळ त्या माणसाच्या वागणुकीचा हिशोब आहे. १२ महिन्यांत १२ झाले की एका रेसची बंदी. त्या वहीत मेकॅनिकची चूक लिहायचीच कशाला?

हे स्टुअर्डांनीच, म्हणजे रेसच्या पंचांनीच, एकदा मान्य केलं आहे. २०२० ला सोचीत हॅमिल्टनने सरावाचे स्टार्ट भलत्या जागेवरून घेतले. ५-५ सेकंदांच्या दोन शिक्षा झाल्या, वर दोन पेनल्टी पॉइंट. नंतर कळलं की संघानेच रेडिओवर त्याला परवानगी दिली होती. तेव्हा पॉइंट मागे घेतले आणि मर्सिडीजला २५,००० युरो दंड केला. वेळेची शिक्षा राहिली, लायसन्स साफ झालं. मला हवंय ते एवढंच, फक्त नियम म्हणून हवंय.

आणि चूक जीवावर बेतणारी असेल तर संघाला खरोखर चटका बसला पाहिजे. २०१८ ला बहारीनमध्ये मागचं डावं चाक बदललेलंच नसताना रायकोनेनला सोडलं गेलं आणि समोर उभ्या मेकॅनिकचा पाय मोडला. फेरारीला ५०,००० युरो दंड झाला. फेरारीसाठी ही रक्कम किस झाड की पत्ती! त्यापेक्षा संघाच्या अजिंक्यपदाचे गुण कापा, कारण वर्षअखेरीची बक्षिसाची रक्कम त्या क्रमवारीवर ठरते. हे काही नवीन नाही. २००७ च्या हेरगिरी प्रकरणात (फेरारीची गुप्त कागदपत्रं मॅकलारेनच्या माणसाकडे सापडली होती) मॅकलारेनचे संघाचे सगळे गुण गेले, पण त्यांचे ड्रायव्हर हॅमिल्टन आणि अलोन्सो यांचे राहिले. २०२० मध्ये ब्रेक थंड ठेवणाऱ्या डक्टची रचना उचलल्याच्या प्रकरणात रेसिंग पॉइंटचे १५ गुण कापले, तेव्हाही ड्रायव्हरांच्या गुणांना हात लावला नाही. कागदावरच्या चोरीला हा न्याय लागू होतो, मग सुटलेल्या चाकाला का नाही?

स्टुअर्डांकडे कॅमेरे आहेत, रेडिओवरचं बोलणं आहे, कुणी कधी सोडलं हे त्यांना दिसतं. सोचीत त्यांनी टेप ऐकली आणि निर्णय बदलला. ती टेप दर वेळी शिक्षा लिहिण्याआधी ऐका.