मोनेची छत्रीवाली आणि मोतीबिंदूची गोष्ट

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं १८७५ सालचं छत्रीवाल्या बाईचं चित्र जोडून एक मजकूर सगळीकडे फिरतोय: मोनेला मोतीबिंदू होता, त्याला जग धूसर दिसायचं, दिसलं तसं तो रंगवत गेला आणि त्यालाच लोक दृक्प्रत्ययवाद (इम्प्रेशनिझम, म्हणजे त्या क्षणीचा उजेड आणि रंग टिपणारी चित्रशैली) म्हणू लागले. पुरावा काय, तर बाईचा पुसट चेहरा. मोतीबिंदू खरा आहे, पण त्याचा या चित्राशी काहीही संबंध नाही.

आधी सालं बघा. मोनेचा जन्म १८४० चा, म्हणजे या चित्राच्या वेळी तो पस्तिशीच्या आसपास होता. मोतीबिंदूचं निदान झालं १९१२ मध्ये, शस्त्रक्रिया १९२३ मध्ये. दावा इथंच संपतो.

तरी चेहऱ्याबद्दल बोलायलाच हवं. ती बाई म्हणजे त्याची पत्नी कामीय, मागे मुलगा झाँ. ती उंचवट्यावर उभी आहे आणि चित्रकार खालून बघतोय. ऊन तिच्या पाठीमागून येतंय, चेहऱ्यावर छत्रीची सावली आहे, शिवाय वाऱ्यानं उडणारी टोपीची जाळी. अशा वेळी निरोगी डोळ्यालाही नाक-डोळे कोरल्यासारखे दिसत नाहीत. याच कामीयला मोनेनं १८६६ मध्ये हिरव्या पोशाखात रंगवलं होतं, तेव्हा रेशमाची चुणी न् चुणी दाखवली होती. रेखीव काढणं त्याला उत्तम जमत होतं.

माझ्या मते सगळ्यात मोठा पुरावा रंगांचा आहे. मोतीबिंदू वाढला की नजरेवर पिवळट-तपकिरी झाक येते आणि निळा रंग मंदावतो. इथं तर पांढऱ्या झग्याच्या सावल्याच निळसर आहेत! खालच्या रानफुलांचा पिवळा उजेड झग्यावर पडलाय, तोही त्यानं टिपलाय. इतकी बारीक फोड करणारी नजर अधू कशी म्हणायची?

आणि रन्वार, पिसारो, बेर्त मोरिसो हे त्याच्या शैलीचे चित्रकारही त्याच काळात उघड्यावरच्या उजेडाचा असाच माग काढत होते. त्या सगळ्यांना काय एकदम मोतीबिंदू झाला होता?

म्हातारपणी काढलेल्या, स्वतःच्या बागेतल्या जपानी पुलाच्या लालसर-तपकिरी चित्रांबद्दल डोळ्यांचा मुद्दा जरूर मांडावा, तिथं तो लागू पडतो. १८८६ मध्ये मात्र मोनेनं सुझान ओशदेला (ही पुढे त्याची सावत्र मुलगी झाली) छत्री देऊन अशीच दोन चित्रं केली आणि तिचा चेहरा आणखी पुसट ठेवला, कारण माणसंही निसर्गदृश्यासारखी रंगवायची हे त्यानं ठरवलं होतं.